शंभर किलोमीटरची तयारी आणि वाटेत भेटणारी पायी माणसं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गिअरच्या हायब्रिड सायकलवर रोज 20-25 किलोमीटर होतात, पण संभाजीनगर ते पैठण आणि परत अशी शंभरी करायची तर चाळीस-पंचेचाळीसनंतर पाय संपतात आणि तळहात बधिर होतात, ही पहिली. पहाटे फिरायला निघालेली माणसं घंटी ऐकून नेमकी सायकलच्याच पुढे येतात, एक आजोबा चांगलेच रागावले, तर मोठा हॉर्न बसवावा का, ही दुसरी. शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय, की सरासरी वेग ताशी 24 किलोमीटरच्या खाली येऊ देत नाही.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं मूळ त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. मीटरवरचा आकडा राखायचा म्हणून पहिला तास जोरात जातो आणि पाय तिथेच खर्ची पडतात. तोच आकडा राखायचा म्हणून माणूस दिसल्यावर ब्रेकवर बोट जायच्या ऐवजी घंटीवर जातं. म्हणून पहिलं काम सोपं आहे. मीटरच्या पडद्यावरून सरासरी वेग काढून टाका, तिथे घड्याळ आणि अंतर एवढंच ठेवा.

हिशेब करून बघा. 24च्या वेगाने शंभर किलोमीटरला चार तास दहा मिनिटं लागतात, 20च्या वेगाने पाच तास. फरक पन्नास मिनिटांचा. पण वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 20 वरून 24 वर जाताना फक्त हवेपोटी जवळजवळ 70 टक्के जास्त जोर द्यावा लागतो. रोजच्या तासाभराच्या फेरीत तो खपून जातो, पाच तासांत खपत नाही. आता माणसांचा हिशेब. एका पायी माणसाच्या शेजारून वीस मीटर अंतर 24 ऐवजी 10च्या वेगाने गेलात, तर चारेक सेकंद जातात, परत वेग धरेपर्यंत आणखी चार-पाच. अशी वीस माणसं भेटली तरी सगळं मिळून तीन मिनिटं. पाच तासांच्या फेरीत तीन मिनिटं!

इथून पुढे बरंचसं तुमचं वय, वजन, झोप, टायर आणि महिना यांवर ठरेल. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, चढावर छातीत दाब जाणवत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच अंतर वाढवा.

रोज तेच 25 किलोमीटर त्याच वेगाने चालवून लांब पल्ल्याची ताकद येत नाही. शरीर त्या 25ला सरावतं आणि तिथेच थांबतं. आठवड्यात चार दिवस सायकल पुरते. एक दिवस तासभर अगदी निवांत. एक दिवस चढाचा, त्यात चार वेळा पाच-पाच मिनिटं जोर आणि मध्ये तेवढीच विश्रांती. एक दिवस तुमची नेहमीची फेरी. आणि रविवारी लांबची. ही रविवारची फेरी दर आठवड्याला 6 ते 8 किलोमीटरने वाढवायची आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायची. 30, 36, 42, मग 34. नंतर 48, 56, 64, मग 50. नंतर 72, 80, मग या वेळी एक आठवडा आधीच 64, आणि बाराव्या रविवारी शंभर. सुरुवात 30 पासून का, तर तुमच्या पंचेचाळीस किलोमीटरमधले शेवटचे दहा ओढूनताणून होतात. ते मोजायचे नाहीत. कमी केलेला आठवडा बहुतेक जण गाळतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात गुडघा धरून बसतात.

वेगाचं माप बोलण्यावरून घ्या. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. पहिली चाळीस मिनिटं तर 'फारच हळू चाललोय' असं वाटेल इतकी सावकाश जाऊ द्या. पायडलचे फेरे मिनिटाला 80 ते 85 ठेवा. एक पाय पंधरा सेकंदात किती वेळा खाली गेला ते मोजायचं, वीस-एकवीस आला की बरोबर. जड गिअर लावून 60 फेऱ्यांनी रेटत राहिलं तर मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण पडतो. गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा, चढावर चेन ताणलेली असताना बदलला तर कडकन आवाज येऊन चेन अडकते.

आता पाय संपण्याचं दुसरं कारण, आणि ते पोटात आहे. शरीरातला साखरेचा साठा साधारण दीड-दोन तास पुरतो. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. पहिला घास निघाल्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, भूक असो वा नसो. पुढे दर तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, चार-पाच खजुरांत तेवढेच, चिक्कीच्या 25-30 ग्रॅमच्या वडीत पंधराएक. म्हणजे तासाला एक केळं आणि चार खजूर एवढं सोपं गणित आहे. बिडकीनला थांबून पोहे खाल्ले तर चालतील, चहाही चालेल. भजी, मिसळ परतल्यावर खा. तेलकट पचायला रक्त पोटाकडे जातं आणि पुढचा तास जड जातो.

पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्चपासून पाऊण लिटर किंवा जास्त. सगळं साधं पाणी नको, घामातून मीठ जातं. पाऊण लिटरच्या एका बाटलीत पाव चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि लिंबू पिळून ठेवा, दुसऱ्या बाटलीत साधं. ओआरएसची पुडी आणली तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच, म्हणजे मोठ्या पुडीला एक लिटर पाण्यात मिसळा. अर्ध्या बाटलीत कोंबली तर मळमळतं. कडक उन्हात अंगावर शहारे आले, घाम थांबला किंवा बोलताना शब्द अडखळायला लागले, तर फेरी तिथेच संपली. सावली, मान-काखा-डोकं ओलं करणं, आणि घरून गाडी बोलावणं.

आपल्याकडे शंभरीचा पहिला प्रयत्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात करायचाच हट्ट असेल तर साडेदहाच्या आत घरात असाल असंच अंतर निवडा. वाऱ्याचंही बघा. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळा सरेपर्यंत आपल्या पठारावर वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो आणि नऊ-दहानंतर जोर धरतो. त्या दिवसांत जालन्याकडे जाताना सायकल पळते आणि येताना तोच वारा समोरून येतो, तेही दमल्यावर. पैठणची दिशा दक्षिणेची असल्यामुळे वारा कुशीला लागतो, त्रास कमी. सरावाच्या फेऱ्यांना आधी वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, परत येताना तो पाठीशी.

हात बधिर होण्याचं कारण बहुधा सीट आणि हँडल यांच्यात आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दाबली जातेय. सगळ्यात आधी सीट बघा. तिचं नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. पाणसळ किंवा मोबाइलमधलं लेव्हल लावून सीट सपाट करा. मग उंची. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. पंजा ठेवला की आपोआप थोडा बाक येतो, तो हवाच. आकड्यात हवं असेल तर पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, तिला 0.883 ने गुणा. 80 सेंटिमीटर असेल तर दोन्ही पायडलच्या दांड्या जिथे जोडलेल्या असतात त्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत साडेसत्तर सेंटिमीटर. बदल एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरच करायचा आणि दोन-तीन फेऱ्या तसंच ठेवायचं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. ब्रेकचे लिव्हर साधारण 30-40 अंश खाली वळवा, म्हणजे मनगट मोडत नाही. आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला. ही पकड बदलायची सवय पॅडवाल्या ग्लोव्हजपेक्षा जास्त कामाची आहे.

टायरमधली हवासुद्धा हातांना जाणवते. टणक टायर म्हणजे पळणारं टायर, हा समज आपल्या खडबडीत डांबरावर खोटा ठरतो. 32 मिलिमीटरच्या टायरला 65-70 किलो वजनाच्या माणसासाठी पुढे 60 आणि मागे 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. 80-85 भरलेत तर प्रत्येक खडी मनगटात वाजते. 45 भरलेत तर खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर ते सराट्याचं किंवा वेड्या बाभळीच्या काट्याचं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. सराट्याचं टोक रबरात मोडून राहिलेलं असतं आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते. जवळ एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, पंप आणि ॲलन किल्ल्या. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर घ्या, नाहीतर गावातल्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही.

सराटे साइडपट्टीच्या मुरमात असतात, डांबरावर क्वचित. म्हणून सायकल डांबराच्या कडेपासून अर्धा-पाऊण मीटर आत चालवा. आपल्या रस्त्यांना फुटपाथ नाही, त्यामुळे ती साइडपट्टी पायी माणसाची. तिच्यावर आपण गेलो की काटा आपल्याला आणि धास्ती त्यांना.

आता मुख्य गोष्ट. ताशी 25ने चालताना डोळ्यांनी बघून ब्रेक दाबेपर्यंत एका सेकंदात सायकल सात मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. म्हणजे बारा मीटर. 15च्या वेगाला हेच अंतर सहा मीटर होतं. ओल्या रस्त्यावर हे बारा आणि सहा मीटर दोन्ही वाढतात. चालणारा माणूस एका सेकंदात सव्वा-दीड मीटर आडवा येऊ शकतो. एवढे आकडे डोक्यात असले की माणूस दिसताच पहिलं काम घंटी नाही, पायडल थांबवणं हे आपोआप पटतं.

घंटी 25-30 मीटरवरून, दोनदा, हलकी. 20च्या वेगाला त्यांना चार-पाच सेकंद मिळतात. मग बघा, मान वळली का, पाऊल बदललं का. काहीच हललं नाही तर ऐकू आलेलं नाही असंच धरा. कानात इअरफोन असतील, वयामुळे कमी ऐकू येत असेल. तिथे जोरजोरात घंटी बडवून उपयोग नाही, वेग चालण्याइतका आणा आणि आवाज द्या.

काय म्हणायचं, याला फार महत्त्व आहे. आपण मागून ओरडतो, "काका, उजवीकडून!" ऐकणाऱ्याच्या कानात फक्त 'उजवी' पडतं आणि तो उजवीकडे उडी मारतो, नेमका आपल्या चाकापुढे. तुमच्या पुढे येणारी माणसं बहुधा अशीच येतायत. शिवाय माणूस मान ज्या बाजूने वळवून बघतो, त्याच बाजूला त्याचं पाऊल पडतं. म्हणून दिशा सांगू नका. "असंच चाला काका, सायकल येतेय," एवढंच, नेहमीच्या आवाजात. शहराबाहेर "मामा, चालू द्या तुमचं," "मावशी, थांबू नका." सरळ चालत राहायला सांगितलं की माणूस दचकत नाही, आणि त्याची चाल आपल्याला आधीच कळते. दोन जण शेजारी शेजारी गप्पा मारत चालले असतील तर त्यांच्यामधून कधीच जायचं नाही. ती दोघं एकमेकांना बाजूला ओढतात आणि दोघंही आपल्या वाटेत येतात.

मोठा हॉर्न नको म्हणतो तो यासाठीच. गाडीसारखा आवाज मागून आला की माणूस गाडी चुकवायला जातो तसा उडी मारतो, आणि कुठे उडी मारेल ते त्यालाही माहीत नसतं. साध्या घंटीच्या आवाजात 'सायकल आहे, हळू आहे' एवढं कळतं. त्या आजोबांचा रागही बहुधा वेगाचा नसावा, मागून अचानक अंगावर आल्याच्या दचक्याचा असावा. वयस्कर माणूस दचकून पडला तर खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्यातून उठायला कित्येक महिने लागतात. पुन्हा भेटले तर थांबून नमस्कार करा, दोन शब्द बोला. त्याच रस्त्यावर रोज तुम्ही दोघं असणार आहात.

ओलांडताना मधे किमान एक मीटर, हात लांब केला तरी लागणार नाही एवढं अंतर. तेवढी जागा नसेल तर वेग 8-10. लहान मूल, कुत्र्याचा पट्टा हातात असलेला माणूस, डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेली बाई दिसली तर जागा असली तरी वेग 8-10च ठेवा. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. ओलांडायला रस्त्याच्या आतल्या बाजूला सरकायच्या आधी एकदा मागे वळून बघायचं, कारण माणसाला वाचवताना आपण ट्रकच्या वाटेत जाऊ शकतो. मागून गाडी येत असेल तर दोन्ही ब्रेक धरून माणसाच्या मागेच थांबा, गाडी जाऊ द्या, मग पुढे व्हा. पुन्हा वेग धरायला दोन गिअर हलके करून निघा. जड गिअरवर उभं राहून उसळी मारलीत तर वाचवलेले पाय तिथे जातात.

विद्यापीठाच्या परिसरात पहाटे जोरात सराव करू नका. तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. त्या वेळात तिथून फक्त सावकाश बाहेर पडायचं आणि जोराचा सराव शहर संपल्यावर. अंधारात पुढचा दिवा मिचकावणारा नको, स्थिर हवा, आणि त्याचा झोत सहा-आठ मीटर पुढे जमिनीवर पडेल असा वाकवा. डोळ्यांवर झोत आला की माणसाला सायकल किती लांब आहे तेच कळत नाही. मागचा लाल दिवा मात्र मिचकावता चालेल.

तिघं-चौघं असाल तर एकामागून एक व्हा आणि पुढच्याने आकडा सांगायचा, "आम्ही चौघं आहोत काका." आकडा न सांगितल्यामुळे पहिला पुढे गेला की माणूस निर्धास्त होऊन परत रस्त्यावर येतो आणि तिसऱ्याच्या चाकात सापडतो.

सरावाला चढ हवा म्हणून वेरूळची वाट बहुतेक जण धरतात, एका बाजूने तीसेक किलोमीटर, मध्ये दौलताबादच्या पुढचा घाट. वाट उत्तम आहे. पण सीताफळाच्या दिवसांत दौलताबादजवळ टोपल्या मांडलेल्या असतात, गाड्या जागेवरच थांबतात आणि दार रस्त्याच्या बाजूने उघडतं. उभ्या गाडीपासून एक मीटर लांब राहा आणि पुढच्या दोन गाड्यांच्या फटीत पाय दिसतात का ते बघा. किल्ल्याजवळच्या अरुंद दरवाजातून घुसायचं नाही, आधी समोरच्यांना येऊ द्यायचं. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक धरून वेग खाली आणा, वळणात ब्रेक सोडून द्या.

आणि काही दिवस या वाटा सायकलच्या नाहीतच. श्रावणात शुक्रवारी रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी हा रस्ता भरलेला असतो, हनुमान जयंतीच्या आदल्या रात्रीही. रात्रभर चाललेली माणसं अनवाणी, पेंगुळलेली असतात. त्या दिवशी घंटी वाजवणंही चुकीचं, दुसरी वाट धरा. पैठणच्या रस्त्यावर नाथषष्ठीच्या आधीचे काही दिवस दिंड्या असतात, फाल्गुन वद्य पंचमी-षष्ठीच्या आसपास तुमची शंभरी ठेवूच नका. एखादी दिंडी वाटेत भेटलीच तर उतरून सायकल हातात धरा आणि कडेने चालत पुढे निघा. ऑक्टोबरच्या सुमारास काही गावांत निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि बायामाणसं ते पायाने खालीवर करत असतात. त्यावरून सायकल नेऊ नका. दाण्यांवर टायर घसरतो, आणि ते त्यांच्या वर्षाचं पीक आहे.

शंभरीच्या दिवशी चितेगाव, बिडकीन, ढोरकीन ही तिन्ही गावं येतील तिथे वेग 12-15 वर आणायचा, जाताना आणि येताना. तोच खाण्यापिण्याचा इशाराही समजा. गावात शिरलो की एक घोट, गाव सुटलं की एक घास, असं ठरवलं की खाणं विसरत नाही. परतीचे शेवटचे पंधरा किलोमीटर सगळ्यात जपायचे. डोकं दमलेलं असतं, ब्रेकवर बोट उशिरा जातं, आणि नेमक्या त्याच वेळी शहरात गर्दी असते. तिथे वेग आणखी दोन-तीनने कमी ठेवा.

हे सगळं करून तीन आठवड्यांनीही बोटांच्या मुंग्या फेरीनंतर दिवसभर राहत असतील, तर तो सायकलचा प्रश्न उरत नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तुमच्या टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा, तुमचं वजन आणि पायाची आतली लांबी कळवा. हवेचा आणि सीटचा नेमका आकडा सांगतो.